अनुभव धागा : कार्ड आहे, पॉलिसी आहे, काउंटरवर काय झालं?

आईचा (वय ७३) खुबा मोडला तेव्हा मी निर्धास्त होते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान कार्ड मिळतं. ते पर्समध्येच होतं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "कार्ड चालतं हो, पण हाडांना नाही." रुग्णालय योजनेच्या यादीत असतं ते विभागवार, हे मला स्ट्रेचरशेजारी उभं राहून कळलं. शेवटी मेडिक्लेम वापरला. योजना बरी की विमा, यावर घरात रोज वाजतं. ठाणे-नवी मुंबईकरांनो, मतं नकोत, घडलेलं लिहा. रुग्णालयांची नावं टाळा.

ऐरोली : आमचं पांढरं रेशनकार्ड म्हणजे फक्त पत्त्याचा पुरावा, माळ्यावरच्या पेटीत. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आता पांढरंही चालतं, हे सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने (योजनेचा मदतनीस) सांगितलं. एक पैसा लागला नाही, खरंच. पण त्याच कार्डावर माझं नाव नाही! लग्नाला २२ वर्षं झाली, मी अजून साताऱ्याच्या कार्डावर.

नौपाडा : सकाळी १० ला डॉक्टर म्हणाले, "काका, घरी जा." बाबांनी लगेच शर्ट-पँट चढवली, पट्टा आवळला आणि सुई काढलेल्या जागी कापूस दाबत पलंगाच्या कडेला बसले. संध्याकाळी ७ पर्यंत तसेच. विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक मोबाइलवर उघडून मी बिलिंगला गेलो : रुग्णालयाकडून डिस्चार्जची मागणी आल्यापासून ३ तासांत विमा कंपनीने मंजुरी द्यायची, उशीर झाला तर वाढलेला खर्च कंपनीचा. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, फाइल अजून पाठवलीच नाही. फार्मसीचं क्लिअरन्स बाकी आहे." म्हणजे घड्याळ सुरूच झालं नव्हतं. फाइल गेली ४ ला, मंजुरी आली ६:४० ला. नियम पाळला गेला, बोला आता.

कोपरी : माझं स्वतःचं १५ खाटांचं नर्सिंग होम आहे. सगळे शिव्या घालताहेत म्हणून लिहितो. योजनेच्या पॅकेजचे पैसे येतील तेव्हा येतात. भूलतज्ज्ञ, ऑक्सिजनवाला आणि नर्सेस थांबत नाहीत. मित्राचे अडकलेले बघितले आणि यादीत गेलोच नाही. घाबरलो म्हणा हवं तर.

खारेगाव : आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलासाठी धर्मादाय रुग्णालयात गेलो. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. "कोटा भरलाय," उत्तर तयार. किती खाटा, किती भरल्या, लिहून द्या म्हटलं. अर्ध्या तासात एक खाट निघाली. उत्पन्नाच्या दाखल्यापायी मात्र ताईंचे दोन खाडे झाले, त्यातला एक आमच्याकडचा. (कापला नाही.)

नेरूळ : सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. पेढे आणणार होतो. तेवढ्यात मला ५६ वं लागलं, वयोगट बदलला, हप्ता गेल्या वर्षीपेक्षा ३०० रुपयांनी जास्त. पेढे रद्द.

वाशी : नौपाडा, मी सहा वर्षं बिलिंगला होते. फार्मसीचं क्लिअरन्स आदल्या संध्याकाळीच मागायचं. न वापरलेलं सामान परत आल्याशिवाय ते देत नाहीत. एकदा एका आयव्ही सेटसाठी (सलाइनची नळी) फाइल दोन तास अडली. सेट सापडला पेशंटच्या ड्रॉवरमध्ये, पार्लेजीच्या पुड्यामागे.