मदत हवी आहे: ऑक्टाव्हियाच्या काचा रिमोटनं उघडायच्यात, लॅपटॉपवर एरर 33 येतोय

औसारोड_24:

रामराम मंडळी. गाडी 2015 ची ऑक्टाव्हिया डिझेल, सेकंडहँड, एमएच 24. मला फार काही नको, फक्त रिमोटचं अनलॉक बटण दाबून धरलं की चारी काचा खाली आल्या पाहिजेत. मे महिन्यात 42 डिग्रीत मोंढ्यात गाडी लावा आणि तासाभरानं आत बसून बघा, स्टेअरिंगला हात लावू देत नाही. आणि गंमत अशी की किल्ली दारात घालून फिरवून धरली तर चारी काचा उतरतात, म्हंजे मोटरी-वायरिंग सगळं ठणठणीत आहे, फक्त रिमोटला परवानगी नाही. तेवढ्यासाठी इथल्या एका गॅरेजवाल्यानं नवीन बॉडी कंट्रोल मॉड्यूलच (काचा, लाइटं, लॉक सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) टाका म्हणून सांगितलं, हात जोडून निघून आलो.

मित्राकडं व्हीसीडीएसची (लॅपटॉपवरून गाडीचे मॉड्यूल वाचायचं-बदलायचं सॉफ्टवेअर) ओरिजिनल केबल आहे, एचईएक्स-व्ही2, 10 गाड्यांची लिमिटवाली. त्यातली एक जागा माझ्या गाडीला दिली बिचाऱ्यानं (एकदा गाडीचा व्हीआयएन म्हंजे चॅसी नंबर बसला की ती जागा परत रिकामी होत नाही, त्यामुळं पार्टी द्यावीच लागणार). ऑटो-स्कॅन व्यवस्थित होतंय, इंजिन, एबीएस, एअरबॅग, मीटर सगळे मॉड्यूल दिसतात, फॉल्ट काहीच नाही. मग 09 सेंट्रल इलेक्ट्रिक्समध्ये (हेच ते बॉडी कंट्रोल मॉड्यूल) गेलो, अ‍ॅडॉप्टेशन (मॉड्यूलच्या सेटिंगची यादी) उघडलं, लिस्ट एवढी लांब की स्क्रोल करून बोट दुखलं आणि नावं अर्धीअधिक जर्मनमधी. ॲक्सेस कंट्रोल 2 च्या खाली फुंक, कोमफोर्ट असलं काहीतरी दिसलं, व्हॅल्यू "नॉट ॲक्टिव्ह" होती. ती "ॲक्टिव्ह" करून "डू इट" दाबलं की लगेच "एरर 33, सिक्युरिटी ॲक्सेस डिनाइड". वाचायला सगळं देतंय, लिहू काही देईना.

विचारायचंय हे की गाडीच लॉक आहे का? आधीच्या मालकानं काही करून ठेवलं असंल का? आणि दुसरी भीती लाइटची. आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, लिहिता लिहिता लाइट गेली आणि मॉड्यूल मेलं तर? गाडी दारात उभीच राहायची मग. घरच्यांनी आधीच सांगून ठेवलंय, "चालू गाडीला कशाला उगं हात लावायलास."

शेंद्रा_वायरमन:

दादा, काही लॉक नाही, घाबरू नका. 33 म्हंजे मॉड्यूल म्हणतंय आधी पासवर्ड दे मग बोलू. या गाड्यांचं (एमक्यूबी प्लॅटफॉर्म, 2013 नंतरची ऑक्टाव्हिया) 09 मॉड्यूल उघडा, अ‍ॅडॉप्टेशनला जायच्या आधी "सिक्युरिटी ॲक्सेस - 16" वर क्लिक करा, तिथं 31347 टाका, मग मागं येऊन अ‍ॅडॉप्टेशन. बरेचदा माउस त्या रकान्यावर नेला की फुग्यात हाच नंबर सॉफ्टवेअर स्वतःच दाखवतं. अंदाजपंचे नंबर टाकत बसू नका, जास्त वेळा चुकलं की मॉड्यूल काही वेळ कुणाचंच ऐकत नाही. आणि 33 ऐवजी 31 आला तर तो पासवर्डचा प्रश्न नाही, तुम्ही दिलेली व्हॅल्यू त्या मॉड्यूलला मान्य नाही एवढाच अर्थ.

पण त्याच्याही आधी एक काम कराच. ऑटो-स्कॅन सेव्ह करा, आणि "ॲप्लिकेशन्स" मध्ये कंट्रोलर चॅनल्स मॅप आहे, त्यातून 09 चं अ‍ॅडॉप्टेशन फाइलमधी काढून ठेवा. थोडा वेळ लागतो, लागू द्या. उद्या काही इकडंतिकडं झालं तर आधी काय होतं ते तुमच्याकडं लिहिलेलं पायजे, कुणाच्या आठवणीवर नको. आणि एका वेळी एकच चॅनल बदला, तपासा, मग दुसरा. लोक उत्साहात दहा गोष्टी एकदम बदलतात आणि डाव्या इंडिकेटरनं कोणता राग धरलाय तेच कळंना मग.

लाइटचं म्हणाल तर कोडिंग वेगळं आणि फ्लॅशिंग वेगळं. तुम्ही एका चॅनलची व्हॅल्यू बदलताय, ते दोन-चार सेकंदाचं काम. मॉड्यूलचं पूर्ण सॉफ्टवेअर नव्यानं भरणं म्हंजे फ्लॅशिंग, त्यात मधीच करंट गेला तर खरं दुखणं. आणि तसंही गाडी चालते तिच्या स्वतःच्या बॅटरीवर, घरातली लाइट गेली तरी फक्त गाडीच्या बॅटरीला लावलेला चार्जर बंद पडतो. लॅपटॉप चार्ज असू द्या, झालं. बॅटरीला चार्जर का लावायचा तर इग्निशन बराच वेळ ऑन राहते म्हणून. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 ला आली की थांबा. एसीचा पंखा, हेडलाइट बंद ठेवा.

टीडीआय_नांदेड:

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय. एक भर घालतो, रिमोटनं काचा उघडायचं चालू केलं की किल्ली खिशात दाबली जाणार नाही ते बघा. ऐन पावसाळ्यात सीट भिजवून बसलेले लोक बघितलेत. काचा बंद करायचं चॅनल वेगळं आहे, ते रिमोटवर देऊ नका असं माझं मत, घरात लहान लेकरं असतील तर अजिबातच नको. आणि नशीबवान आहात, चौथ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाला कंपनीनं एसएफडी नावाचं कुलूप घातलंय, तिथं असा पाच आकड्यांचा नंबर टाकून काम होत नाही, कंपनीच्या सर्व्हरकडून टोकन घ्यावं लागतं.

औसारोड_24:

31347 टाकलं आणि पहिल्याच फटक्यात घेतलं राव! बटण धरलं की चारी काचा खाली. आई म्हणाल्या, "एवढ्यासाठी दोन रात्री लॅपटॉप घेऊन गाडीत बसला होतास व्हय?"

आता लगे हात अजून एक विचारतो. बॅटरी पुढच्या महिन्यात बदलायचीय. नवीन टाकली की गाडीला सांगावं लागतं म्हणे, खरं का? का दुकानदाराचा बिल वाढवायचा धंदा?

शेंद्रा_वायरमन:

मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर आणि त्याला वायर असेल तर खरं. 19 गेटवेच्या (सगळ्या मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणारं मॉड्यूल) अ‍ॅडॉप्टेशनमधी अँपिअर-अवर, बॅटरीचा प्रकार, कंपनी आणि सिरियल नंबर टाकायचा. सेम टू सेम बॅटरी बसवली तरी सिरियलचा एखादा आकडा बदला, नाहीतर गाडी जुनीच बॅटरी समजून चार्जिंग करत बसते. जुन्या व्हॅल्यूंचा आधी फोटो काढा. सेन्सर नसेल तर दुकानदाराला फक्त बॅटरीचे पैसे द्या.