ठाण्याचा थापाडा इतिहास : हसावं की कान उपटावेत?

तलावपाळीकर : ठाण्यातल्या दोन पोरांचा पॉडकास्ट सध्या फिरतोय. आवाज इतिहासाच्या सरांसारखा गंभीर, आत नुसत्या थापा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला उशिरा पोचली, कारण मुलुंडला तिला थांबवून डबलफास्ट पुढे काढली म्हणे. इथवर मीही हसलो. पण १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातल्या इंग्रजांच्या कैदेतून पळाले ते मिसळ खायला, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे इंग्रजांचा पाठलाग फसला, हा तुकडा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'जरूर वाचा' म्हणून आला! खाली सात-आठ जणांचे हात जोडलेले. थट्टा आहे हे सुरुवातीला सांगायला काय जातं?

नेरूळचा नाना : सांगून केली तर ती थट्टा कसली? १८१६ ला ट्रॅफिक होतं हे ज्याला पटतं, तो तुमची सूचनाही पुढे ढकलेल.

कोपरीची मावशी : नाना, डेंगळे काही हौसेने कैदेत नव्हते. १८१५ ला पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला, त्याचा आरोप होता त्यांच्यावर. हे पॉडकास्टच्या त्या भागात कुठेच नाही.

घोडबंदरग्रस्त : मला तर मोतद्दाराची, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या गड्याची थाप सगळ्यात भारी वाटली. कैद्याच्या खिडकीखाली घोडा फिरवत गाण्यातून पळण्याचा बेत कळवतो! काय फेकतात राव.

तलावपाळीकर : अहो, ती त्यांची थापच नाही! १८२५ च्या सुमारास इकडे आलेल्या बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने प्रवासवर्णनात हा किस्सा लिहून ठेवलाय. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमलेले, त्यांना मराठी ओ की ठो कळेना. गडी खुशाल गात राहिला. हेबरच्या कानावर येईतो त्याला थोडं मीठमसाला लागला असेल, पण पोरांनी तो रचलेला नाही. मला खटकतं ते हेच. ग्रुपवाल्यांनी थाप खरी धरली आणि इथल्या जाणत्यांनी जुनी हकीकत थाप म्हणून उडवली. मी ती ग्रुपवर टाकली, तर 'काहीही पसरवू नका' असं उत्तर आलं.

घोडबंदरग्रस्त : 😂 माघार.

नेरूळचा नाना : पण त्या निमित्ताने हेबर उघडलात ना? मध्यवर्ती कारागृहासमोरून मी कित्येक वर्षं कामावर जायचो. ते म्हणजेच किल्ला, हे मला या पोरांनी सांगितलं. शाळेने नाही.

कोपरीची मावशी : त्याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरेंना फाशी दिली. उद्या त्यावरही विनोद करतील.

नेरूळचा नाना : नाही करणार. त्या पहिल्या गाडीच्या साहिब, सिंध, सुलतान या तीन इंजिनांच्या भांडणावर त्यांनी अख्खा भाग केला, फाशीवर चकार शब्द नाही. कुठे थांबायचं ते कळतं त्यांना.

कोपरीची मावशी : कळतं, तर शास्त्रीबुवा कुठे गेले? तर्रीत बुडाले का? थापा खुशाल मारा, पण शेवटी दोन मिनिटं खरं काय घडलं ते सांगा. मी दर भाग ऐकेन.

नेरूळचा नाना : ती दोन मिनिटं आली की लोक पुढचा भाग लावतात, मावशी. मी तरी लावेन.