ज्यूंना मारायचं हे पहिल्यापासूनच ठरलेलं होतं का?

ऋतुजा_वाचतेय:
सध्या नाझी जर्मनीवर वाचतेय. १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार आणि १९४२ ला गॅस चेंबर, या मधल्या वर्षांत नेमकं काय होत गेलं? आणि लोक वेळेत निघून का गेले नाहीत? कुणी नीट सांगेल का?

अभय_क:
सुरुवात कायद्याने झाली हे आधी बघा. एप्रिल १९३३ मधे ज्यूंना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा आला, पण जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग याच्या आग्रहामुळे पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट होती, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटलं की आपण देशासाठी लढलोय, आपल्याला काही होणार नाही. १९३४ ला हिंडेनबर्ग गेला आणि पुढच्याच वर्षी ती सूटही गेली. मग सप्टेंबर १९३५ चे न्युरेम्बर्ग कायदे, नागरिकत्व काढलं, जर्मनांशी लग्न बंद. ज्यू कोण हेही सरकारनेच ठरवलं, आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू असले की तुम्ही ज्यू, मग तुम्ही स्वतः ख्रिश्चन का असेना! माझ्या मते सगळ्यात भयंकर पायरी हीच, कारण एकदा व्याख्या झाली की यादी करता येते. १९३८ मधे मालमत्तेची नोंद, सक्तीने नावात इस्रायल किंवा सारा जोडणं, पासपोर्टवर लाल 'J' (Jude, म्हणजे ज्यू) हे अक्षर, सगळं या व्याख्येवरच उभं आहे.

मीनल ताई:
"निघून का गेले नाहीत" असं म्हणताना जरा थांबा हो. १९३३ ला जर्मनीत साधारण ५ लाख ज्यू होते, त्यातले निम्म्याहून जास्त गेलेच. पण जाताना कर भरून आणि मार्क बदलून घेताना हातात फार थोडं उरायचं, आणि घेणार कोण? जुलै १९३८ मधे फ्रान्समधे एव्हियाँला निर्वासितांच्या प्रश्नावर ३२ देश जमले, सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दारं जवळपास कुणीच उघडली नाहीत. चारच महिन्यांनी ९ नोव्हेंबरच्या रात्री सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले, सुमारे ३० हजार पुरुषांना छळछावणीत टाकलं, आणि वर नुकसानीबद्दल ज्यूंनाच १ अब्ज मार्कांचा दंड! काही थोडे मुंबईलाही पोचले, पण जे हॉलंड-फ्रान्सला गेले त्यांच्या मागोमाग १९४० मधे जर्मन सैन्य तिथेही आलं, ॲन फ्रँकचं कुटुंब फ्रँकफर्टहून ॲमस्टरडॅमला गेलेलंच होतं ना.

ऋतुजा_वाचतेय:
धन्यवाद ताई, हे लक्षात नव्हतं आलं. मग मारायचा निर्णय वानसे बैठकीत (बर्लिनमधली नाझी अधिकाऱ्यांची बैठक) झाला का?

अभय_क:
नाही. ती बैठक २० जानेवारी १९४२ ची, तोवर कत्तल सुरू होऊन सहा महिने उलटले होते. जून १९४१ मधे सोव्हिएत युनियनवर हल्ला झाला आणि सैन्यामागून गोळ्या घालणारी पथकं गेली, कीव्हजवळ बाबी यारला दोन दिवसांत ३३,७७१ माणसं मारली, हा आकडा त्यांच्याच रिपोर्टमधला आहे. पोलंडमधल्या खेल्मनोत माणसांना आत कोंडून गॅसने मारणाऱ्या मोटारगाड्या डिसेंबर १९४१ पासून चालू होत्या. वानसेला जमलेले १५ अधिकारी कुठल्या खात्याने काय करायचं ते ठरवत होते. आणि गॅसने मारण्याचा अनुभव आधीचा, अपंग आणि मनोरुग्णांना मारायच्या कार्यक्रमात ७० हजारांवर जर्मन लोक मारले होते, तिथलेच कर्मचारी पुढे बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका या मृत्युछावण्यांत गेले. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्लॅन तयार होता असं मला वाटत नाही. आधी हाकलायचं धोरण होतं, ऑक्टोबर १९४१ मधे देश सोडायलाच बंदी घातली, तिथे दिशा बदललेली स्पष्ट दिसते.

मीनल ताई:
आणि हे फक्त एसएसवाल्यांनी (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाने) केलं असंही समजू नका. नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाने ज्यू माणूस सरहद्दीपलीकडे पाठवला की त्याचं नागरिकत्व जायचं आणि मालमत्ता आपोआप सरकारजमा, मग कर खात्याचे लोक घरातल्या चमच्यापर्यंत यादी करायचे, हॅम्बुर्गात त्या सामानाचे जाहीर लिलाव व्हायचे आणि साधी माणसं बोली लावायची. ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्यांचं रेल्वे माणशी भाडं लावायची, तेही फक्त जायचं. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट.