कॅमेऱ्याच्या हाउसिंगची काच आतून धुरकट, आणि पुढच्या महिन्यात जिनी स्प्रिंग्स!

दादरची_मासोळी:
बहिणीकडे फ्लोरिडाला चाललेय, तिथल्या जिनी स्प्रिंग्स या गोड्या पाण्याच्या झऱ्यांमध्ये दोन डाइव्ह ठरवलेत. आजवरचं माझं सगळं डायव्हिंग तारकर्लीचं, तेही बहुतेक गढूळ पाण्यात. परवा सोसायटीच्या पूलमध्ये नवीन हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणीबंद पेटी) घेऊन उतरले, तर दहा मिनिटांत लेन्ससमोरची काच आतून धुरकट. आत ठेवलेला टिशू कोरडाच निघाला, म्हणजे गळती नाही. हाउसिंग बिघडलंय का? आणि स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) न्यावा का? बॅगेत जागा नाही.

खारवाट:
बंद कुठे केलंत? पूलच्या काठावर, ओल्या केसांनी? मग मुंबईची दमट हवाच आत कोंडलीत. कॅमेरा तापतो, काच गार राहते, ओल तिथे धरते. जिनीचं पाणी बारमाही २२ अंश, तिथे जास्तच होईल. आदल्या रात्री एसीच्या खोलीत बंद करा, सिलिका जेलची सुकी पुडी टाका. ओ-रिंगवरून (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावरून) बोट फिरवून बघा. माझा एक कॅमेरा मांजराच्या एका केसापायी बुडाला. मांजर अजून मजेत आहे.

स्ट्रोब घरीच ठेवा. उघड्या कुंडात ऊन तळापर्यंत पोचतं. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा समतोल) खाली पांढऱ्या वाळूवर हातानेच सेट करा.

खरी गोची खाली जायला अंगावर बांधतो त्या शिशाची. गोडं पाणी समुद्रापेक्षा साधारण अडीच टक्के हलकं, म्हणून तेवढं कमी तरंगवतं. सामानासकट १०० किलो भरत असाल तर अडीच किलो शिसं कमी. पण वेटसूट (तरंगणारा रबरी पोशाख) जाड घातलात तर त्यातलं थोडं परत चढवावं लागेल, म्हणून काठाशीच तपासा. जड झालात की तळाला टेकाल, पायातला फिन हलला की गाळ उठेल, आणि मग तुमची तारकर्ली तिथेच! पाय बेडकासारखे मारा.

ठाण्याचा_पाणबुडा:
टॉर्चचं विचारून घ्या. तिथे बॉलरूम नावाची गुहा आहे, ओपन वॉटरवाल्यांना (पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट असलेल्यांना) टॉर्च घेऊन जाता येतं, पुढच्या भुयाराला लोखंडी जाळी आहे. डेव्हिल्स या तिथल्याच दुसऱ्या झऱ्यांच्या बाजूला मात्र त्यांना टॉर्चबंदी. उजेडच नसला की आत डोकवायची हौस होत नाही.

दादरची_मासोळी:
काल एसीत बंद केलं, बादलीत बर्फाचे दोन ट्रे ओतले आणि कॅमेरा चालू ठेवून पाऊण तास बुडवला. काच लख्ख! आई विचारतेय, आंघोळीची बादली परत कधी मिळणार.