चौथीनंतर वाडीतली शाळा संपते : पाचवीच्या जूनची तयारी कशी करावी?

वाडीतली आई
२४ मे

नमस्कार. माझी मुलगी यंदा चौथी पूर्ण करून पाचवीत जात आहे. आम्ही संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत राहतो. तिची आतापर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. पटावर अकरा मुले, दोन शिक्षक आणि चारही इयत्ता मिळून दोन खोल्या. मधल्या सुट्टीत ती घरी येऊन पाणी पिऊन जात असे. आता जूनपासून तिला नऊ किलोमीटरवरील बाजारपेठेच्या गावातील माध्यमिक विद्यालयात एसटीने जायचे आहे. तेथे पाचवीच्या दोन तुकड्या आहेत, प्रत्येक तुकडीत पन्नासच्या आसपास मुले आहेत, दर तासाला वेगळे शिक्षक येतात आणि सेमी इंग्रजीच्या तुकडीत गणित इंग्रजीतून शिकवतात. तिला आम्ही त्याच तुकडीत घातले आहे.

शेजारच्या वाडीतील एका मुलाला त्याच्या वडिलांनी एप्रिलपासूनच पाचवीचे गाइड आणून धडे शिकवायला सुरुवात केली आहे. ते पाहून मला वाटू लागले आहे की आपण मागे पडत आहोत. पाचवीला आता वार्षिक परीक्षेत नापास करतात, असेही ऐकले. मुलगी मात्र अभ्यासाबद्दल काहीच विचारत नाही. परवा अंगणात बसल्या बसल्या तिने एवढेच विचारले, ‘‘तिथल्या बाई ओरडल्या तर घरी यायला किती वेळ लागेल?’’ त्यावर काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. हातात तीन आठवडे आहेत. ते कशात घालवावेत, याविषयी अनुभवी पालकांनी आणि शिक्षकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खडूफळा
२४ मे

ताई, मी गेली अनेक वर्षे पाचवीचा वर्गशिक्षक म्हणून काम करत आहे. दर जूनमध्ये आपल्या मुलीसारखी तीसेक मुले निरनिराळ्या वाड्यांवरून माझ्या वर्गात येतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते पाचवी, पण आपल्याकडील वाड्यांवरच्या कितीतरी शाळा अजूनही चौथीलाच थांबतात. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला शाळा, मित्र, शिक्षक आणि प्रवास हे सारे एकाच दिवशी बदलावे लागते. माझ्या अनुभवात जून-जुलैमध्ये मागे पडणारी मुले ही बहुतेक वेळा अभ्यासात कच्ची नसतात. तास संपल्याची घंटा झाली की कोणती वही काढायची हे त्यांना कळत नाही, शाईचा डाग पडला तर सांगायचे कोणाला हे कळत नाही, आणि लघवीला जाऊ का हे पन्नास मुलांसमोर विचारण्याची लाज वाटते. मागील वर्षी एक मुलगी पहिले चार दिवस दुपारनंतर पोट दुखते म्हणून रडत असे. चौकशी केल्यावर कळले की ती सकाळपासून स्वच्छतागृहात गेलेलीच नसे, कारण ते कोणत्या बाजूला आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि विचारायचे धाडस नव्हते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, शाळा उघडण्यापूर्वी कार्यालयीन वेळेत एकदा मुलीला घेऊन त्या शाळेत जाऊन यावे. मुख्याध्यापक अथवा लिपिक मे महिन्यातही बहुधा भेटतात. तिला पाण्याची टाकी, मुलींचे स्वच्छतागृह, पाचवीचा वर्ग आणि फाटकापासून एसटीच्या थांब्यापर्यंतचा रस्ता दाखवावा, आणि परत येताना पुढे तिला चालू द्यावे, आपण मागून चालावे.

आता परीक्षेविषयी. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट २०२३-२४ पासून आली आहे, हे खरे. परंतु अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि त्याआधी शाळेने त्याला जादा मार्गदर्शन करणे अपेक्षित असते. मे महिन्यातच त्याची धास्ती मुलीच्या कानावर घालण्याचे कारण नाही.

गाइडविषयी मी स्पष्ट लिहितो. जे मूल धडे आधीच घोकून येते, ते वर्गात पहिले दोन महिने कंटाळते, हात वर करून उत्तर सांगून टाकते आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा घोकलेले संपते, तेव्हा अडखळते. त्याऐवजी चौथीचा भागाकार, पाढे आणि मराठीचे सलग वाचन एवढे पक्के असले तरी पाचवीच्या शिक्षकाला पुष्कळ झाले. हिंदी हा विषय बहुतेक मराठी शाळांत पाचवीपासूनच नव्याने सुरू होतो, आणि तो सगळ्यांनाच नवा असतो.

पुणेकर पालक
२५ मे

सरांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, परंतु सेमी इंग्रजीच्या बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी मराठी माध्यमातून सेमीच्या तुकडीत गेला. त्याला भागाकार येत होता, पण फळ्यावर ‘डिव्हिजन’, ‘रिमेंडर’, ‘प्लेस व्हॅल्यू’ असे शब्द आले की तो गप्प बसे. गणित येत असताना गणितात नापास होण्याची वेळ आली होती. पुढे बालभारतीच्या संकेतस्थळावरून आम्ही चौथीच्या गणिताचे मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पुस्तके उतरवून घेतली. ती तेथे मोफत मिळतात. त्याला येत असलेलीच उदाहरणे इंग्रजी पुस्तकातून पुन्हा सोडवायला दिली. आशय ओळखीचा असल्यामुळे शब्द आपोआप कळत गेले. दररोज वीस मिनिटे, तीन आठवडे, आणि नवीन धडा एकही नाही. यास सरांचीही हरकत नसावी.

आणखी एक. पाचवीला गणितात कोन आणि वर्तुळ येते, म्हणून कंपासपेटी आणाल तेव्हा कोनमापक, गुण्या आणि कर्कटक यांच्याशी तिला घरी खेळू द्यावे. कर्कटकाचा स्क्रू सैल असला तर वर्तुळ कधीच मिटत नाही आणि मूल स्वतःलाच दोष देते, हे मी घरी पाहिले आहे.

खडूफळा
२५ मे

हरकत नाही, उलट हे उत्तम आहे. माझा आक्षेप नव्या धड्यांना होता, ओळखीच्या गणिताला नव्या शब्दांत पाहण्याला नव्हे. कर्कटकाचे म्हणाल तर स्वस्तातील पेटीतला कर्कटक आठवडाभरही टिकत नाही, हे मलाही मान्य आहे.

लाल डबा
२५ मे

मी स्वतः पाचवी ते दहावी एसटीने शाळेत गेलो आणि आता माझी दोन्ही मुले जातात, त्यामुळे प्रवासापुरते लिहितो. ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत आहे. मुलांना मासिक पासावर ६६.६६ टक्के सवलत आहे. पूर्वी त्यासाठी आगाराच्या खिडकीवर रांग लावावी लागे. २०२४ पासून महामंडळाने शाळेतच पास देण्याची मोहीम सुरू केली आहे. तरीही शाळेचा दाखला, आधार आणि फोटो जवळ तयार ठेवावेत आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी, कारण पास हातात येईपर्यंत तिकिटाचे सुटे पैसे लागतात.

सर्वांत जास्त फसगत शनिवारी होते. आपल्याकडे बहुतेक शाळा शनिवारी सकाळी भरतात, आणि सोमवार ते शुक्रवारची साडेनऊची गाडी शनिवारी काही उपयोगाची नसते. माझा मोठा मुलगा पहिल्या शनिवारी शाळा सुटायच्या सुमारास पोहोचला होता आणि फाटकाशी उभा राहून रडत होता. पहाटेची पहिली गाडी किती वाजता येते, ती वाडीच्या फाट्यावर थांबते की नुसती हात दाखवून निघून जाते, आणि अकरा-साडेअकराला शाळा सुटल्यावर परतीची गाडी किती वेळाने आहे, हे शाळा सुरू होण्याआधीच्या एखाद्या शनिवारी स्वतः मुलीसोबत जाऊन पाहून यावे. परतीची वाट पाहताना तिने नेमके कोठे थांबायचे, हेही त्याच वेळी ठरवावे. आमच्याकडे स्थानकासमोरील एका वाणसामानाच्या दुकानदाराला सांगून ठेवले आहे. त्यांच्या फळीवर आमच्या घरचा क्रमांक खडूने लिहिलेला आहे.

आरोग्यसेविका
२६ मे

ताई, एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मुलगी दहा वर्षांची आहे. काही मुलींना दहाव्या-अकराव्या वर्षीच पाळी सुरू होते, आणि ती घरीच येईल असे सांगता येत नाही. पाचवी सुरू होण्यापूर्वी तिला शांतपणे, न घाबरवता, हे काय असते हे सांगून ठेवावे. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका कापडी पिशवीत दोन पॅड आणि एक जादा चड्डी ठेवावी, आणि असे झाले तर वर्गातील कोणत्याही बाईंना सांगायचे, हे ठरवून द्यावे. आमच्या उपकेंद्रात शाळेतून थेट आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांपैकी काहींना आपल्याला मोठी जखम झाली असेच वाटत होते.

त्याचबरोबर एसटीत किंवा वाटेत कोणी नकोसा स्पर्श केला, तर ते घरी सांगितल्याने शाळा बंद होणार नाही, हे तिला आधीच ऐकवून ठेवावे. पुष्कळ मुली केवळ त्या भीतीने गप्प बसतात. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते. तिच्यात कोण आहेत ते विचारून घ्यावे. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांकही तिला तोंडपाठ असू द्यावा.

वऱ्हाडातून
२६ मे

आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यातच उघडतात, त्यामुळे तुमची धावपळ वाचून आम्हाला आणखी आठवडाभर मिळतो याचे बरे वाटले. एकच सुचवतो. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा शासनाचाच नियम आहे. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलीच्या पाठीवर अडीच किलो. आम्ही गेल्या वर्षी धान्याच्या दुकानातील काट्यावर दप्तर टांगले, तर ते चार किलो दोनशे ग्रॅम भरले. त्यात एक किलोहून अधिक वजन नुसत्या पाण्याच्या बाटलीचे होते. दोनशे पानी वह्यांऐवजी शंभर पानी घेतल्या आणि रोज रात्री वेळापत्रक पाहून दप्तर भरायची सवय लावली. पहिला आठवडा मी शेजारी बसलो, नंतर बसलो नाही. एकदा इतिहासाचे पुस्तक घरी राहिले, बोलणी खाल्ली, आणि नंतर राहिले नाही.

खडूफळा
२७ मे

वजनाचा मुद्दा निघाला म्हणून एक भर घालतो. अनुदानित शाळेत पाचवी ते आठवीला शालेय पोषण आहार मिळतो, त्यामुळे भरगच्च डब्याची गरज नसते. एक ताटली आणि कोरडा खाऊ पुरतो. गणवेश आणि बूट शाळेला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कोकणात जून-जुलैमध्ये कापडी बूट दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून बऱ्याच शाळा पावसाळ्यात सँडल चालवून घेतात.

कागदपत्रांपैकी शाळा सोडल्याचा दाखला हातात येताच तेथेच उभे राहून वाचावा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद, सगळे अक्षर न् अक्षर तपासावे. चूक असल्यास पुरावा देऊन मूळ शाळेच्या जनरल रजिस्टरमधूनच (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीतूनच) ती दुरुस्त करून घ्यावी लागते. जन्मतारखेसारख्या बाबतीत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, पण आता ते काम होऊ शकते. दहावी झाल्यावर त्याच एका वेलांटीसाठी लोक वर्षानुवर्षे खेटे घालताना मी पाहिले आहेत.

राहता राहिला आपल्या मुलीचा प्रश्न. मी असतो तर तिला खरे उत्तर दिले असते : गाडी मिळाली तर अर्धा तास, नाहीतर दीड. आणि बाई ओरडल्या तर घरी न येता काय करता येईल, हे तिच्याशी बोललो असतो.

वाडीतली आई
८ जून

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत काय झाले ते कळवते.

दाखल्यात माझ्याच नावात चूक निघाली. ‘सुनीता’चे ‘सुनिता’ झाले होते. गुरुजींनी रजिस्टर काढून, माझे आधार पाहून तेथेच दुरुस्ती करून दिली. चौथीचे गणित इंग्रजीतून सुरू आहे. ‘रिमेंडर’ला ती ‘उरलासुरला’ म्हणते, ते मी तसेच चालू दिले आहे. आरोग्यसेविका ताईंनी लिहिलेले बोलणे मी चार दिवस पुढे ढकलले, मग एका रात्री दिवे गेले असताना अंधारातच बोलले. अंधारात सोपे गेले. तिने फक्त विचारले की आजीलाही हे व्हायचे का.

काल शनिवारी आम्ही पहाटेच्या गाडीने गेलो. गाडी सहा चाळीसची आहे, पण फाट्यावर आली सात वाजून पाच मिनिटांनी, आणि पावसात आम्हा दोघींना न पाहता चालक पुढे निघालाच होता. मुलीने उघडी छत्री डोक्यावरून काढून रस्त्याकडे आडवी हलवली तेव्हा गाडी थांबली. ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. शाळा बंद होती, पण शिपाईमामांनी फाटक उघडून तिला सारे दाखवले. स्वच्छतागृहाची कडी तिला उघडत नव्हती, ती तीन-चार वेळा उघडून-लावून पाहिली. शनिवारी एसटीने येणाऱ्या मुलांना प्रार्थनेनंतर आले तरी वर्गात घेतात, असेही त्यांच्याकडून कळले. परतीची गाडी पावणेबाराला आहे. तोवर थांबण्यासाठी स्थानकाशेजारच्या शिवणकामाच्या दुकानातील ताईंना विचारले, त्या हो म्हणाल्या.

दप्तर आमच्या वाण्याच्या काट्यावर तीन किलो शंभर भरले. तिचे वजन सव्वीस आहे, म्हणजे अर्धा किलो अजून जास्तच आहे. बाटली अर्ध्या लिटरची घेतली तर जमेल असे वाटते, कारण शाळेतील टाकीचे पाणी तिने पिऊन पाहिले आणि चांगले आहे म्हणाली.