राऊंडर्स: सातवीच्या मुलांना बॉल कुठे मारायचा हे कसं शिकवावं?

पीटीचा_तास (नागपूर)
सातवीचा वर्ग, ४२ मुलं-मुली, तास ४० मिनिटांचा. खेळ राऊंडर्स: बॅटनं बॉल मारायचा आणि चार पोस्ट (खांब) क्रमानं पळत गाठायच्या. नियम पाठ झालेत, बॉल बॅटला लागतोही. पण एकतर थेट बोलरच्या हातात, नाहीतर दुसऱ्या पोस्टच्या दिशेनं उंच आणि कॅच. ‘गॅप बघून मार’ म्हटलं की माना डोलावतात नि पुन्हा तेच. जागा बघून मारणं टप्प्याटप्प्यानं कसं शिकवायचं? पोस्टवर रनर असताना काय सांगायचं? मैदान काळ्या मातीचं, सामान म्हणजे टेनिस बॉल, ६ बॅटी आणि शंकू.

चौथी_पोस्ट
सर, आधी ‘गॅप’ हा शब्दच काढून टाका. आपले पोट्टे गॅप ऐकली की क्रिकेटची गॅप शोधतात, म्हणजे जिथे कोणी उभं नाही ती जागा. इथे बघायचं ते वेगळंच: बॉल जिथे पडेल तिथून दुसऱ्या पोस्टपर्यंतचा थ्रो किती लांब? बॉल मारून दुसरी पोस्ट गाठली की अर्धा राऊंडर (म्हणजे अर्धा गुण), चौथी गाठली की पूर्ण, आणि या वयात बहुतेक स्कोअर अर्ध्यांनीच होतो.

मोजूनच दाखवा. पोस्टांमधलं अंतर १२ मीटर, तिसरी ते चौथी ८.५. बॅटिंग स्क्वेअरपासून (बॅटर उभा राहतो तो चौकोन) दुसरी पोस्ट सरळ समोर, साधारण १७ मीटरवर. समोर उंच मारलेला बॉल दुसरीच्या मागे १० मीटरवर पडला तर फिल्डरला फक्त १० मीटर फेकायचाय. तोच बॉल तिसरी-चौथीच्या रेषेबाहेर डावीकडे १५ मीटर गेला तर थ्रो २५ मीटरच्या पुढे. दोन मुलं या दोन जागी उभी करा, शिट्टीवर दोघांनी दुसऱ्या पोस्टवर बॉल फेकायचा आणि त्याच शिट्टीवर एकानं स्क्वेअरमधून पळायचं. कोणता बॉल आधी येतो हे वर्गाला डोळ्यांनी दिसतं, फळ्यावर समजवायची गरज उरत नाही.

मधली_सुट्टी
वरच्या उत्तरात मारायचं कसं ते आलं नाही. उजव्या हाताच्या बॅटरसाठी दिशा ठरते ती बॉल शरीराच्या पुढे लागतो की जवळ, यावर. जोर लावून दिशा बदलत नाही.

शंकूच्या तोंडात दीड इंची पीव्हीसी पाइप खोचून कमरेइतका टी (बॉल ठेवायचा उभा दांडा) करा. डावा खांदा बोलरकडे. टी पुढच्या पायाच्या एक वीत पुढे ठेवला तर बॉल डावीकडे, पायाच्या रेषेत ठेवला तर सरळ, पोटासमोर ठेवला तर उजवीकडे, पहिल्या पोस्टकडे. प्रत्येक जागी ४ बॉल, समोर शंकूंचं ४ मीटर रुंद दार. दारातून जमिनीलगत गेला तर २ गुण, हवेतून गेला तर १, कॅच झाला तर शून्य. मग टी काढून खालून फेकलेला बॉल.

बिघडतं ते इथे: क्रिकेटच्या सवयीनं दोन्ही हात बॅटवर येतात, टप्प्याची वाट बघितली जाते, मनगट खांद्यामागे न जाता खाली लोंबतं. लोंबलेली बॅट बॉलच्या खालून वर येते, म्हणून ते उंच कॅच. ‘बॅटचं टोक आभाळाकडे’ एवढंच ओरडा. आणि लेट कट, ग्लान्स बंद! बॉल मागे गेला की तो पुढच्या भागात परत येईपर्यंत बॅटरला पहिल्या पोस्टच्या पुढे जाता येत नाही.

उजवीकडून
नेहमी डावीकडेच का? बाहेरच्या बाजूनं येणारा बॉल ओढून डावीकडे न्यायला गेलं की बॅटच्या टोकाला लागून बोलरकडेच जातो. तो उजवीकडेच जाऊ द्यावा. उजवीकडे खोल गेला तर चौथ्या पोस्टपर्यंतचा थ्रो सगळ्यात लांब, पूर्ण राऊंडर तिथूनच निघतो. फक्त बॉल पहिल्या पोस्टच्या फिल्डरला नक्की ओलांडून गेला पाहिजे, नाहीतर बॅटर तिथेच संपला. म्हणून माझ्या मते: अंगाजवळचा डावीकडे, लांबचा उजवीकडे. दुबळ्या मुलांना आधी फक्त डावीकडे.

पीटीचा_तास (नागपूर)
समजलं. पण तिसऱ्या पोस्टवर रनर असेल तर त्याला चौथीपर्यंत आत आणायला मारायचं ना?

चौथी_पोस्ट
नाही. ही सॉफ्टबॉलची सवय. राऊंडर्समध्ये पोस्टवर थांबलेल्या रनरचा बोलरनं पुढचा बॉल टाकला की स्कोअर संपला. तो आत आला तर फक्त पुन्हा बॅटिंगला मिळतो. म्हणून बॅटरनं स्वतःच्या दुसऱ्या पोस्टसाठीच मारायचं. तिसरीवरच्याला बजावून ठेवा: मागून कोणी येत असेल तरच नीघ, कारण एका पोस्टवर दोघं चालत नाहीत.

अपवाद एकच. रांगेत बॅटर संपत आलेत, पोस्टवर तीन-चार जण अडकलेत. रांग रिकामी झाली आणि बॉल बॅटिंग स्क्वेअरमध्ये आला तर सगळे एकदम बाद. तेव्हा उजवीकडे मारून तिसरीवरच्याला घरी आणा.

मधली_सुट्टी
दोन गोष्टी राहिल्या. एक, चांगला बॉल हुकला तरी पळायचंच, बॅट हातात धरून. सॉफ्टबॉल खेळणारी मुलं बॅट टाकतात, त्यासाठी रोज दोन मिनिटं नुसतं बॅट घेऊन पहिल्या पोस्टपर्यंत पळवा. दोन, सकाळचा तास असेल तर बॅटरचं तोंड पूर्वेला नको. उन्हात बॉल दिसत नाही आणि तुम्ही टी बदलत बसता. भेगाळलेल्या मातीत जमिनीलगतचा बॉल वेडावाकडा उडतो, तेवढी जागा आधी मुरूम टाकून दाबून घ्या.