मदत हवी आहे: स्क्रिप्टने ईडीएल इम्पोर्ट केली की भलतेच शॉट येतात (दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओ, पायथन)

नमस्कार मंडळी,

आम्ही नारदीय कीर्तनांचं चित्रीकरण करतो. दोन कॅमेरे, दोन-अडीच तासांचं फुटेज, फ्रेम रेट २५ (सेकंदाला २५ फ्रेम). त्यातले निवडक भाग यूट्यूबवर जातात. निवड आत्या करते. तिला एडिटिंगचा गंध नाही, पण कुठलं आख्यान रंगलं आणि कुठे बुवा नुसतेच वेळ काढत होते हे तिच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही. ती प्लेअरवर बघत शीटमध्ये फाइलचं नाव आणि 'इथून-इथपर्यंत' असा टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) लिहिते. त्या शीटवरून माझी स्क्रिप्ट सीएमएक्स ३६०० या स्वरूपातली ईडीएल (एडिट डिसिजन लिस्ट, म्हणजे कुठल्या फुटेजचा कुठून कुठपर्यंतचा भाग घ्यायचा याची यादी) बनवते.

दुसरी स्क्रिप्ट रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट तयार करते, फुटेज मीडिया पूलमध्ये (प्रोजेक्टच्या क्लिपसंग्रहात) आणते आणि ईडीएल 'इम्पोर्ट टाइमलाइन फ्रॉम फाइल' या फंक्शनला देते. 'इम्पोर्ट सोर्स क्लिप्स' फॉल्स आहे, क्लिप कुठल्या बिनमध्ये (फोल्डरमध्ये) शोधायच्या तेही सांगितलंय. एरर काही येत नाही, टाइमलाइन उघडते. पण उत्तररंगातलं आख्यान हवं तिथे पूर्वरंगातलं निरूपण लागलेलं असतं. लांबी बरोबर, शॉट भलताच! शिवाय काही कटांवर एखादी काळी फ्रेम दिसते.

तीच ईडीएल हाताने इम्पोर्ट केली की काळ्या फ्रेम जातात, चुकीचे शॉट मात्र तेव्हाही येतात. कॅमेऱ्यांचा टाइमकोड दर क्लिपला शून्यापासून सुरू होतो, याचा काही संबंध असेल का? आत्याचं काम वाढेल असा उपाय नको, एवढीच अट.

प्रतिसाद १:
आधी काळ्या फ्रेमचं बघू. ईडीएलमध्ये फ्रेम रेट लिहिलेलाच नसतो. हाताने इम्पोर्ट करताना समोर खिडकी येते, तिथे तुम्ही २५ निवडता. स्क्रिप्टला कोण विचारणार? नव्या प्रोजेक्टचा रेट मूळ सेटिंगमध्ये २४ असतो. २५ च्या मोजणीत शेवटची फ्रेम २४ क्रमांकाची, २४ च्या मोजणीत ती २३ वरच संपते. म्हणून ज्यांच्या टाइमकोडच्या शेवटी २४ आहे ते कट आधी तपासा. प्रोजेक्ट तयार झाल्या झाल्या 'टाइमलाइन फ्रेम रेट' सेटिंग २५ करा आणि फंक्शन ट्रू परत देतंय ना ते बघा. फुटेज आत घेण्याआधीच करा, नंतर तो रेट सहसा बदलू देत नाही.

प्रतिसाद २:
शून्यापासूनचा टाइमकोड हेच चुकीच्या शॉटचं मूळ. ईडीएलमध्ये फाइलचा पत्ता नसतो. असतात ते रीलचं नाव (पूर्वी टेपची, आता क्लिपची ओळख) आणि टाइमकोड. तुमच्या सगळ्या क्लिपमध्ये ००:१२:४०:०० आहे, मग त्यातली कुठली घ्यायची हे रीलवरूनच ठरणार. मीडिया पूलमधल्या क्लिपना रील नेम नसेल तर टाइमकोड जुळेल ती क्लिप लागते. प्रोजेक्ट सेटिंग्जच्या जनरल ऑप्शन्समध्ये कन्फॉर्मसाठी (यादीतल्या नोंदी फुटेजशी जुळवण्यासाठी) रीलचं नाव फाइलनावावरून घ्यायची सोय आहे, ती चालू करा. ईडीएलमध्येही रीलच्या जागी तेच नाव यायला हवं. पुढच्या चित्रीकरणाला कॅमेऱ्यांवर वेळेप्रमाणे चालणारा टाइमकोड लावलात तर हा घोळ मुळातूनच बराच कमी होईल.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. फ्रेम रेट लावला, काळ्या फ्रेम गेल्या. रीलच्या बाबतीत अडलोय. आमची फाइलनावं गाव, तारीख, कॅमेरा अशी लांबलचक आहेत आणि सीएमएक्स ३६०० मध्ये रीलला आठच अक्षरं. गावाच्या नावातच ती संपतात. नावं बदलली तर आत्याची जुनी शीटं बाद होतील. शिवाय दुसरा कॅमेरा वरच्या ट्रॅकवर हवाय.

प्रतिसाद २:
मग ईडीएलचा हट्ट सोडा. तिच्यात व्हिडिओचा एकच ट्रॅक बसतो, दोन कॅमेऱ्यांना ती पुरणार नाही. ओटीआयओ म्हणजे ओपनटाइमलाइनआयओ हे टाइमलाइन लिहून ठेवायचं स्वरूप वापरा. मूळचं पिक्सारचं, आता अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे. पायथन लायब्ररी तयार मिळते. त्यात ट्रॅक हवे तेवढे, प्रत्येक क्लिपला फाइलचा पूर्ण पत्ता, आणि वेळेसोबत रेटही लिहिलेला असतो. रिझॉल्व्हच्या नव्या आवृत्त्या ती फाइल त्याच फंक्शनमधून घेतात. शीटच्या प्रत्येक ओळीची एक क्लिप करायची, आत्याला काहीच बदलावं लागत नाही.

एक मात्र बघा, क्लिपची सुरुवात शून्यापासून मोजायची की फाइलच्या टाइमकोडपासून, हे 'अव्हेलेबल रेंज'वर (फाइलमध्ये फुटेज कुठून कुठपर्यंत आहे त्या नोंदीवर) ठरतं. तुमच्याकडे सध्या दोन्ही एकच आहेत, पण कॅमेऱ्यांचा टाइमकोड बदललात की तिथे फाइलचा खरा आरंभ टाकावा लागेल. आधी दोन ओळींची शीट करून एका कीर्तनावर चालवून बघा, आणि अडलं तर ती ओटीआयओ फाइल इथे डकवा. साधा मजकूरच असतो, वाचून सांगता येईल.